सोलापूरच्या डॉ. कोटणीसांना ना गोळी लागली, ना बॉम्ब. त्यांचा जीव घेतला मिरगीने

चीनचा एखादा बडा नेता भारतात आला की दिल्लीतल्या बैठका, करार, मेजवान्या हे सगळं ठरलेलं असतं. पण यातले अनेक जण एका मराठी कुटुंबाला भेटण्यासाठीही आवर्जून वेळ काढत आले आहेत. २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ मुंबईत या कुटुंबाला भेटले. २०१३ मध्ये पंतप्रधान ली केचियांग भेटले. हे कुटुंब म्हणजे सोलापूरचे कोटणीस.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांवर उपचार केले आणि तिथेच वारले, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण ते वारले कशाने, असं विचारलं की गडबड होते. युद्धात गेले म्हणजे गोळी लागली असणार, असं एखादा म्हणतो. सिनेमा पाहिलेला एखादा प्लेगचं नाव घेतो.

दोन्ही खरं नाही. कोटणीस गेले ते मेंदूच्या आजाराने. मिरगी, अपस्मार, आकडी, फिट, ज्याला जे नाव माहीत असेल ते. वय होतं अवघं ३२. विशेष म्हणजे हा आजार ते सोलापुरातून घेऊन गेले नव्हते. चांगले धडधाकट, हसतमुख, गाण्याबजावण्यात रमणारे डॉक्टर म्हणून ते बोटीत बसले होते. आजार जडला तो ऐन उमेदीत, तिशीच्या आसपास.

आता गोष्ट पहिल्यापासून.

१० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापुरात झाला. तेव्हाचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. पहाटे भोंगा वाजायचा आणि त्यावर गावाचं घड्याळ चालायचं. वडील शांतारामपंत गिरणीतच नोकरीला होते. घरात मुलंबाळं पुष्कळ आणि मिळकत बेताची. अशा घरातला मुलगा डॉक्टर व्हायचं म्हणतो तेव्हा पोटाला चिमटा सगळ्या घराला बसतो. द्वारकानाथ मुंबईत परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले. हे कॉलेज केईएम हॉस्पिटलला जोडलेलं. १९३६ मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणाच्या तयारीला लागले. सरळ मार्गाने गेले असते तर सोलापुरात किंवा मुंबईत दवाखाना, घर, संसार, असं सगळं चारचौघांसारखं झालं असतं.

पण जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला चढवला. शहरं पडू लागली, जखमींचे ढीग लागले आणि डॉक्टर मिळेनात. चिनी लाल सेनेचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधं मागितली. १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी लोकांना आवाहन केलं. बावीस हजार रुपये जमले आणि एक रुग्णवाहिका मिळाली. देश स्वतःच गुलामीत होता, तरी दुसऱ्या देशाच्या मदतीला वैद्यकीय पथक पाठवायचं ठरलं.

पथकात पाच जण होते. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. अटल. स्पेनच्या यादवी युद्धात काम केल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने सगळ्यांत मोठे. कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. आणि सोलापूरचे कोटणीस. म्हणजे पाचातले दोघे आजच्या महाराष्ट्रातले. १ सप्टेंबर १९३८ रोजी राजपुताना नावाच्या बोटीने हे पथक मुंबईहून निघालं. कोटणीस तेव्हा २८ वर्षांचेही पूर्ण नव्हते.

चीनमध्ये पोहोचल्यावर त्यांना चिनी नावं मिळाली. प्रत्येकाच्या नावाला हुआ जोडलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ. आजही चीनमध्ये लोक त्यांना याच नावाने ओळखतात.

येनानला, म्हणजे कम्युनिस्टांच्या मुख्य तळावर जायचं होतं, पण वाटेत चुंगकिंगमध्ये बराच मुक्काम पडला. तिथेच त्यांना घरची बातमी कळली. वडील गेले. मोठं कुटुंब, कर्ता माणूस गेलेला. अशा वेळी परत फिरले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी पुढे जायचं ठरवलं. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचलं.

मग एकेक जण परतू लागला. कुणाचं वय, कुणाची प्रकृती. चोळकर आणि मुखर्जी आधी आले, मग त्वचेच्या आजाराने बेजार झालेले अटल. राहिले बसू आणि कोटणीस. १९४० मध्ये दोघे उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर गेले. पुढे बसू येनानला परतले आणि कोटणीस आघाडीवर एकटे उरले.

या भागात आधी कॅनडाचे सर्जन डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली, जंतुसंसर्ग रक्तात भिनला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. पेनिसिलिन तेव्हा अजून रुग्णांपर्यंत पोहोचलं नव्हतं. बेथ्यूनच्या नावाने तिथे हॉस्पिटल उभं राहिलं, त्याचे पहिले संचालक झाले कोटणीस. साल १९४१. हॉस्पिटल म्हणजे केईएमसारखी दगडी इमारत डोळ्यांसमोर आणू नका. खेड्यातली घरं, देवळं, मातीच्या खोल्या, जिथे जागा मिळेल तिथे खाटा. जपानी फौजा जवळ आल्या की सगळं खेचरांवर लादायचं, जखमींना डोलीत घालायचं आणि पुढच्या गावाला निघायचं.

त्याआधी ऑगस्ट १९४० मध्ये शंभर रेजिमेंटची लढाई म्हणून ओळखली जाणारी मोठी मोहीम सुरू झाली होती. तेरा दिवसांत आठशेच्या आसपास जखमी कोटणीसांच्या पथकाकडे आले आणि त्यांतल्या पाचशेहून जास्त जणांवर शस्त्रक्रिया झाल्या, असं त्यांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. सलग ७२ तास न झोपता ते टेबलापाशी उभे होते, असंही सांगतात.

हे झोपेचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या धामधुमीत ते चिनी भाषा शिकले. नुसती बाजारहाटापुरती नाही, चिनी विद्यार्थ्यांना चिनीतून सर्जरी शिकवण्याइतकी. बेथ्यूनच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत ते मास्तर झाले. तिथेच गुओ चिंगलान ही परिचारिका होती. १९४१ च्या अखेरीला दोघांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. सेनापती निए रोंगचेन यांनी नाव सुचवलं, यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

वरवर पाहता सगळं जमून आलं होतं. पण याच काळात त्यांना झटके येऊ लागले होते.

मिरगीचा झटका म्हणजे काय? मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संदेशांनी बोलतात. नेहमी हे बोलणं शिस्तीत चालतं. कधी एखाद्या भागातल्या पेशी एकदम, एका सुरात, आवर न घालता संदेश सोडू लागतात. हे वादळ पसरलं की माणूस कोसळतो, शुद्ध हरपते, हातपाय ताठरतात, मग आचके देऊ लागतात. दोन-तीन मिनिटांत वादळ शमतं. जागं झाल्यावर माणूस गोंधळलेला असतो, अंग मोडून आलेलं असतं आणि अनेकांचं डोकं भयंकर ठणकत असतं. झटक्यानंतरची ही डोकेदुखी अर्धशिशीसारखीच वाटू शकते. जिथे कुणी झटका येताना पाहिला नसेल, म्हणजे माणूस एकटा झोपलेला असताना झटका आला असेल, तिथे सकाळी उठल्यावर फक्त डोकेदुखीच हाती लागते.

अर्धशिशी आणि मिरगी हे दोन वेगळे आजार आहेत, पण शेजारी आहेत असं म्हणायला हरकत नाही. दोन्ही मेंदूचे, दोन्ही येऊन जाणारे. दोन्हींत झटक्याआधी डोळ्यांपुढे काजवे चमकू शकतात. आणि अपुरी झोप दोन्हींना चिथावते. अर्धशिशी असलेल्या माणसाला एक जागरण पुरतं, हे ज्याला आहे त्याला सांगायला नको. मिरगीतही तेच. म्हणून ते ७२ तास लक्षात ठेवायचे. जागरणाने कोटणीसांना मिरगी झाली, असं नाही. पण एकदा झटके सुरू झाल्यावर युद्धभूमीवरचा सर्जन जे आयुष्य जगत होता, ते झटक्यांसाठी कोरड्या गवतासारखं होतं.

मग मूळ कारण काय? मोठेपणी पहिल्यांदा झटका आला की डॉक्टर हाच प्रश्न आधी विचारतात. लहानपणी सुरू होणाऱ्या मिरगीमागे अनेकदा आनुवंशिक कारण असतं. तिशीतल्या निरोगी माणसाला अचानक झटके येऊ लागले, किंवा कधी डोकं न दुखणाऱ्याला नव्यानेच भयंकर डोकेदुखी सुरू झाली, तर मेंदूत नवं काही घडलंय का ते पाहावं लागतं. मार, गाठ, रक्तवाहिनीतला दोष, संसर्ग.

चीनमध्ये सांगितल्या जाणाऱ्या कोटणीसांच्या हकिगतीत या मिरगीचा संबंध पट्टकृमीशी जोडला जातो. तिथल्या मुक्कामात त्यांना या जंताची लागण झाली आणि त्यातून झटके आले, असं ती हकिगत सांगते. याचा छडा आज लावता येणार नाही. मेंदूच्या आत डोकावून दाखवणारा सीटी स्कॅन माणसावर पहिल्यांदा झाला १९७१ मध्ये. पण वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही गोष्ट अगदी जुळणारी आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण हा जंत सोलापुरातही आहे, पुण्यातही आहे.

त्याचं असं असतं. डुकराचं मांस नीट न शिजवता खाल्लं तर त्यातल्या पुटकुळ्यांमधून पट्टकृमी माणसाच्या आतड्यात वाढतो. तो तिथे कित्येक फूट लांब होतो आणि त्रास मात्र फारसा देत नाही. खरी भानगड त्याच्या अंड्यांची. ती विष्ठेतून बाहेर पडतात. हात न धुता केलेला स्वयंपाक, दूषित पाणी, मैल्यावर वाढलेली आणि न धुतलेली भाजी यांतून ती कुणाच्याही पोटात जाऊ शकतात. आतड्यात अंडं फुटतं, अळी रक्तात शिरते आणि काही अळ्या मेंदूत जाऊन बसतात. तिथे तिच्याभोवती पाण्याच्या थेंबासारखी पिशवी तयार होते. ही पिशवी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं गुपचूप राहते. अळी मरायला लागली की मेंदूला सूज येते आणि मग सुरू होतात झटके आणि डोकेदुखी.

म्हणजे आम्ही शुद्ध शाकाहारी, आम्हाला काय होणार, या भरवशाला काही अर्थ नाही. मेंदूतला जंत होतो तो मांसातून नव्हे, अंड्यांतून, म्हणजे घाणेरड्या हातातून आणि पाण्यातून. ज्या देशांत हा जंत आढळतो तिथे मोठेपणी सुरू होणाऱ्या मिरगीचं हे एक प्रमुख कारण आहे. भारत त्यांत येतो. आज स्कॅनमध्ये तो दिसतो, अल्बेंडाझोलसारखी औषधं, सूज उतरवणारी औषधं आणि झटके थांबवणाऱ्या गोळ्या देऊन बहुतेक रुग्ण सावरतात.

कोटणीसांकडे यातलं काय होतं? जवळजवळ काहीच नाही. झटके रोखणारं फिनोबार्बिटल १९१२ पासून माहीत होतं. फेनिटॉइन हे नवं आणि कमी गुंगी आणणारं औषध मिरगीवर चालतं, हे अमेरिकेत सिद्ध झालं १९३८ मध्ये. म्हणजे कोटणीस मुंबईहून निघाले त्याच वर्षी. पण हेबेईच्या डोंगरात ते पोहोचणार कसं? एका बाजूने जपान्यांचा वेढा, दुसऱ्या बाजूने चीनमधल्याच राष्ट्रवादी सरकारची नाकेबंदी. भूल देण्याच्या औषधापासून पट्ट्यांपर्यंत सगळ्याचीच वानवा. जखमींनाच पुरत नव्हतं.

उपचारासाठी आघाडी सोडून जा, असं वरिष्ठांनी त्यांना सुचवल्याचं आणि त्यांनी ते मानलं नसल्याचं सांगितलं जातं. इथे जरा थांबायला हवं. आपल्याकडे अशा प्रसंगाला लगेच त्यागाचा हार घातला जातो. त्याग तो होताच. पण कोटणीस डॉक्टर होते. वारंवार येणाऱ्या मोठ्या झटक्यांचा शेवट काय होऊ शकतो, हे त्यांना गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी आपल्याला झटका आला तर समोरच्याचं काय होईल, हेही माहीत असणार. दुसरीकडे हेही माहीत होतं की ते गेले तर त्या हॉस्पिटलात त्यांच्या जागी उभं राहील असा शिकलेला सर्जन मिळणं कठीण. या दोन्हींचा हिशेब त्यांनी केला असेल. त्यातून निघालेली वाट दिसते ती अशी की शेवटच्या महिन्यांत ते शिकवण्यावर आणि पुस्तक लिहिण्यावर जोर देत होते. विद्यार्थ्यांसाठी सर्जरीची मूलतत्त्वं सांगणारं एक पुस्तक लिहून झालं होतं. दुसऱ्याचं काम चालू होतं.

८ डिसेंबर १९४२. हेबेई प्रांतातलं, तांग तालुक्यातलं गगोंग नावाचं खेडं. संध्याकाळी ते या पुस्तकाचं लिखाण करत बसले होते आणि झटका आला. शमला, परत आला. मग येतच राहिला.

एक झटका संपून माणूस शुद्धीवर येण्याआधीच दुसरा सुरू होतो, किंवा एकच झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालतो, तेव्हा तो साधा झटका राहत नाही. मेंदूचं स्वतःला आवरण्याचं यंत्रच कोलमडलेलं असतं. श्वास अडखळतो, ताप चढतो, हृदयावर ताण येतो. आज अशा माणसाला तातडीने हॉस्पिटलात नेतात, शिरेतून औषध देतात, गरज पडली तर श्वासाच्या यंत्रावर ठेवतात. तोवर घरच्यांनी करायचं ते एवढंच की त्याला कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवायच्या, कपडे सैल करायचे आणि घड्याळ पाहायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा किंवा चप्पल हुंगवून झटका थांबत नाही. थांबलेला दिसतो, कारण बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात आणि श्रेय चपलेला जातं.

गगोंगमधल्या त्या रात्री शिरेतून द्यायचं असं औषध नव्हतं, यंत्रही नव्हतं. सहकारी डॉक्टर आणि विद्यार्थी रात्रभर झटले. ९ डिसेंबरच्या सकाळी कोटणीस गेले. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. सोलापूर सोडून चार वर्षं आणि तीन महिने झाले होते.

त्यांना आधी त्या परिसरातच पुरलं. पुढे १९५३ मध्ये त्यांचे अवशेष शीच्याच्वांग शहरातल्या हुतात्मा स्मारकात आणले. तिथे बेथ्यूनची समाधीही आहे. एक सर्जन बोटाच्या जखमेने गेला, दुसरा मेंदूतल्या वादळाने. दोघांनाही वाचवू शकतील अशी औषधं नंतरच्या काळात गावोगावच्या दवाखान्यांत मिळू लागली.

भारतात कोटणीस घरोघरी पोहोचले ते सिनेमामुळे. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी डॉ. कोटणीस की अमर कहानी काढला. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची, कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांची आणि चिंगलान झाल्या जयश्री. सिनेमा गाजला. पण त्यात प्लेगची साथ, त्यावर उपाय शोधण्यासाठी डॉक्टरांनी स्वतःवर केलेला प्रयोग असा भाग रंगवून घेतला आहे. पडद्यावर प्लेगशी झुंजणारा डॉक्टर शोभून दिसतो. मिरगी मात्र आपल्याकडे लपवण्याचा आजार. मुलीचं लग्न मोडेल, मुलाची नोकरी जाईल म्हणून घरात दाबून ठेवण्याचा. लोकांच्या आठवणीत प्लेग राहिला आणि आकडी मागे पडली, यात नवल नाही.

यिनहुआ मोठा होऊन वडिलांसारखाच वैद्यकीय शिक्षण घेत होता. ते पूर्ण होण्याआधीच १९६७ मध्ये, पंचविशीच्या आत त्याचाही मृत्यू झाला. चिंगलान यांना मात्र दीर्घ आयुष्य लाभलं. नवऱ्याच्या देशात त्या अनेकदा येऊन गेल्या, कोटणीसांच्या नातलगांशी त्यांनी शेवटपर्यंत संबंध ठेवला. २०१२ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्या चीनमध्ये वारल्या. भारत सरकारने १९९३ मध्ये कोटणीसांचं टपाल तिकीट काढलं. चीनने त्याच्याही आधी काढलं होतं. सोलापुरात भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचं आता स्मारक झालंय, आणि चीनमधून येणारी शिष्टमंडळं तिथे येऊन जातात.